माडावरून फ्रिजला पाणी

एमिलीचा त्या फ्रिजवर जीव जडला तो कॅनडात.

मुलाकडे, रॉकीकडे, ती उन्हाळाभर राहून आली. गासला, आपल्या गावी, परतल्यावर लोक विचारत, मोठा धबधबा पाहिलास का, तळी पाहिलीस का. "पाहिली," एवढंच म्हणून ती फ्रिजवर यायची. "दारातच एक खोबण असते. तिथे ग्लास टेकवला की थंडगार पाणी. बाजूचं बटण दाबलं की बर्फ. खडखड, खडखड, खडखड! बाटल्या भरायला नकोत, बर्फाचा ट्रे ओट्यावर आपटायला नको. फ्रिजला पाठीमागून नळच जोडलेला गो!"

हे सगळं प्रिस्का रोज ऐकायची आणि रोज नव्याने विचारायची, "आणि बर्फ संपला की?"

"संपतच नाही. आपला आपण तयार होतो."

"देवा!" म्हणून प्रिस्का छातीवर हात ठेवायची.

प्रिस्का एमिलीची नणंद. जन्मभर हॉस्पिटलात नर्सची नोकरी केली, लग्न केलं नाही, आणि निवृत्त झाल्यावर भावाच्या घरी वरच्या मजल्यावर राहायला आली. दोघींची साठी उलटून गेली होती, पण चर्चमध्ये त्यांना शेजारी बसू द्यायचं नाही असं घरात ठरलेलं होतं. एकीने नुसतं दुसरीकडे पाहिलं तरी दोघींचे खांदे हलायला लागत.

एमिलीचा नवरा आलोशियस मात्र अबोल. सातिवलीच्या एका कारखान्यात तो मशिनच्या भागांची ड्रॉइंग काढायचा. पुढे सगळं काम कॉम्प्युटरवर गेलं, तो निवृत्त झाला, आणि घरी आल्यापासून त्याचं बोलणं कमीकमी होत गेलं. सकाळी वाडीत केळींना पाणी सोडायचं, दुपारी पेपर, संध्याकाळी टीव्हीसमोर. काय जेवणार म्हटलं की "काहीही." फ्रिजची गोष्ट त्याच्या कानावर पडली की म्हणायचा, "पाणी माठात असतं." मग पेपर पुन्हा वर.

लग्नाच्या वाढदिवसाला रॉकीने परस्पर फ्रिज मागवून पाठवला. हुबेहूब तसा. दोन दारांचा, राखाडी, आणि डाव्या दारात ती खोबण. टेम्पो गल्लीत शिरेना म्हणून चार माणसांनी तो रस्त्यावरून उचलून आणला, तेव्हा नणंद-भावजय दोघी पुढे चालत लोकांना बाजूला करत होत्या.

दुसऱ्या दिवशी कंपनीचा माणूस आला. तरुण, नम्र पोरगा. त्याने फ्रिज सरळ उभा केला, स्वयंपाकघरातला नळ सोडून त्याला एक घड्याळासारखं यंत्र लावून पाहिलं आणि मान हलवली.

"मावशी, दारातल्या पाण्याची लाइन नाही जोडता येणार. प्रेशर नाही. तुमची टाकी गच्चीवर, फार उंच नाही ना ती. बाकी फ्रिज एकदम मस्त चालेल. पाण्याच्या बाटल्या आत ठेवा."

प्रिस्काने एमिलीचा हात धरला.

"बरं, राहू दे," एमिली म्हणाली, पण आवाज असा निघाला की दारात उभ्या असलेल्या आलोशियसने पेपर खाली केला.

"प्रेशर नाही म्हणजे किती नाही?" त्याने विचारलं.

"म्हणजे... कमी आहे काका."

"किती हवं?"

पोराने फ्रिजबरोबर आलेलं पुस्तक उघडून आकडा दाखवला. फ्रिजच्या पाठीमागे एक व्हॉल्व्ह असतो, तेवढ्या दाबाशिवाय तो नीट चालत नाही, हेही समजावलं. आलोशियसने चष्मा बदलला, आकडा वाचला आणि पुस्तक हातातच ठेवून घेतलं. त्या संध्याकाळी टीव्ही लागला नाही.

सकाळी एमिली उठली तर जेवणाच्या टेबलावर माळ्यावरचा ड्रॉइंग बोर्ड आला होता आणि आलोशियस टेप घेऊन ओट्याखाली अर्धा शिरला होता. नुसते पाय बाहेर.

"एमिली, आतून आकडा सांगतो, लिहून घे."

कितीतरी महिन्यांनी तो आपण होऊन पूर्ण वाक्य बोलला होता. एमिलीने पाव भाजायचे सोडून पेन्सिल घेतली.

मग घरात नुसता गोंधळ सुरू झाला. फ्रिज कुठल्या भिंतीला ठेवायचा? खिडकीजवळ ठेवला तर नळी छोटी लागते, पण दार उघडलं की जिन्याला आपटतं. काचेच्या भांड्यांच्या कपाटाच्या जागी ठेवला तर कपाट कुठे? पिण्याच्या पाण्याचा फिल्टर ओट्याच्या वर होता. त्यातून नळी काढायची, ती सिंकच्या मागून न्यायची, शेगडीपासून लांब ठेवायची, मध्ये एक कॉक बसवायचा म्हणजे कधी गळती झाली तर पाणी बंद करता येईल. आलोशियसने निळ्या पेन्सिलीने पाणी काढलं, लाल पेन्सिलीने भिंती, आणि फ्रिज इतका हुबेहूब काढला की त्यात खोबणीपाशी ग्लासही दिसत होता. जेवताना तो बोलायचा. ताटातल्या भातात बोटाने रेघा ओढून नळी दाखवायचा. एमिली कालवणाचा चमचा हवेत धरून ऐकत बसायची. तिला नळीतलं निम्मं कळत नव्हतं. पण हा माणूस बोलताना असा हात हलवतो, हे ती विसरूनच गेली होती.

शेवटी प्रश्न उरला दाबाचा. एक दुपार आलोशियस आकडेमोड करत बसला आणि गंभीरपणे वर पाहून म्हणाला, "टाकी फ्रिजपासून पन्नास फूट उंच हवी."

"आणि आपली?"

"वीसही भरत नाही."

"पन्नास फूट!" प्रिस्का म्हणाली. "एवढं उंच गावात काय आहे दादा? चर्चचा मनोरा. जाऊ का फादरना विचारायला? म्हणते, फादर, घंटेच्या बाजूला आमची टाकी ठेवतो, वहिनीला बर्फ हवाय."

एमिली हसायला लागली. हसता हसता तिचं लक्ष खिडकीबाहेर गेलं. स्वयंपाकघराच्या मागेच वाडी, आणि वाडीत आलोशियसच्या आजोबांनी लावलेले माड.

"माडावर ठेव मग!" ती म्हणाली आणि टेबलावर डोकं ठेवून इतकी हसली की तिला ठसका लागला. प्रिस्का जमिनीवरच बसली.

आलोशियस हसला नाही. तो उठला, खिडकीशी गेला आणि बराच वेळ वर बघत राहिला.

"कुठला?" त्याने विचारलं. "हा, की तो वाकडा?"

त्यानंतर माडाची उंची मोजली गेली. त्यासाठी एमिलीला उन्हात उभं केलं, कारण तिची उंची आलोशियसला ठाऊक होती आणि तिच्या सावलीवरून माडाच्या सावलीचा हिशोब करता येणार होता. "हलू नकोस," तो म्हणायचा आणि ती हलायची, कारण पायाला मुंग्या चावत होत्या. प्रिस्का टेपचं दुसरं टोक धरून माडाच्या सावलीच्या शेंड्याशी उभी, ती सावली नेमकी शेजारच्या मधूच्या वाडीत गेलेली.

मधू नाईक केळी आणि मोगऱ्याच्या बागेतून पुढे आला. "काकी, माझ्या वाडीत काय हरवलं?"

एमिलीने सगळं सांगितलं. मधू आपले माड आपण चढायचा, दुसऱ्या कुणाला चढू द्यायचा नाही. त्याने डोक्यावरचा रुमाल काढला, माडाकडे पाहिलं, आलोशियसकडे पाहिलं.

"काका, टाकी नाही चढणार. पण पाण्याचा कॅन मी नेऊन बांधतो. एकदा बघू तर खरं, येतं का."

"एकदाच बघायचं आहे," आलोशियस म्हणाला. त्याचे कान लाल झाले होते.

नळी आणायला नणंद-भावजय स्कूटरवरून तुळिंजला गेल्या. एमिली चालवत होती, प्रिस्का मागे. फिल्टरला लागते तसली बारीक पांढरी नळी त्यांनी मागितली. दुकानदाराने विचारलं, किती? प्रिस्काने सांगितल्यावर तो थांबला.

"एवढी? बिल्डिंगला लावताय का मावशी?"

"माडाला," एमिली म्हणाली.

त्याने सगळं नीट ऐकून घेतलं. मग मागच्या फळीवरून मुठीएवढा एक पंप काढून काउंटरवर ठेवला. "हा लावा ना. फिल्टर आणि फ्रिजच्या मध्ये बसतो. ग्लास टेकवला की आपोआप चालू, काढला की बंद. झाडावर कशाला चढायचं?"

दोघी पंपाकडे बघत राहिल्या. मग एकमेकींकडे. मग नळी आणि पंप दोन्ही घेऊन बाहेर आल्या आणि स्कूटरपाशी उभ्या राहिल्या.

"सांगायचं का ग त्याला?" एमिली म्हणाली.

"सांगितलंस ना वहिनी, तर मी जन्मात तुझ्याशी बोलणार नाही."

"अगं पण माणूस उगाच राबतोय."

"राबतोय? काल जिन्यावरून शीळ घालत उतरला दादा. शीळ! मी वरून ऐकली."

एमिलीनेही ऐकली होती. तिने पंप स्कूटरच्या डिकीत टाकला, वर पिशवी दाबली, आणि घरी आल्यावर तो तांदळाच्या पिंपात खोल पुरून ठेवला. तेव्हापासून त्या पिंपाकडे नजर गेली तरी तिला हसू फुटायचं. भात वाढताना आलोशियसने विचारलं, "काय झालं?" ती म्हणाली, "काही नाही, तांदूळ छान आहे यंदाचा." प्रिस्काला जेवणावरून उठून जावं लागलं.

प्रयोग रविवारी सकाळी करायचा ठरला, चर्चमधली मिस्सा आटोपल्यावर. मधूने कुणाला सांगितलं की प्रिस्काने, कळलं नाही, पण मिस्सा सुटल्यावर अर्धी गल्ली सरळ त्यांच्या वाडीतच आली. अजून अंगावर चर्चचे कपडे. समोरची फ्लॉसीमावशी येताना आपली प्लॅस्टिकची खुर्ची घेऊन आली आणि केळीच्या सावलीत मांडून बसली.

मधू चढला. कमरेला दोरी, दोरीला खाली पाण्याने भरलेला कॅन. शेंड्यावर पोहोचून त्याने कॅन ओढून घेतला, झावळांच्या बुडाशी बसवला, दोन बाजूंनी करकचून बांधला. कॅनच्या तळाला आलोशियसने कॉक बसवला होता, त्यातून पांढरी नळी खोडाच्या कडेकडेने खाली, खिडकीतून आत, आणि फ्रिजच्या पाठीत. खिडकीपाशी नळीला एक जोड होता. तिथे आलोशियस उभा राहिला. प्रिस्का खिडकीत बसून आतलं बाहेर सांगत होती. एमिली फ्रिजसमोर, हातात ग्लास.

"मधू! सोड!" आलोशियस ओरडला. एवढ्या मोठ्याने ओरडताना त्याला कुणी कधी ऐकलं नव्हतं.

वरून आवाज आला, "सोडलं!"

एमिलीने खोबणीत ग्लास टेकवला. फ्रिज आतून गुरगुरला. एक थेंब आला. मग काही नाही.

"काय?" बाहेरून आलोशियस.

"एक थेंब," प्रिस्काने खिडकीतून जाहीर केलं. वाडीत कुजबुज झाली.

"पुन्हा लाव."

पुन्हा लावला. काही नाही. एमिलीने खिडकीतून पाहिलं. आलोशियस नळीकडे बघत उभा होता आणि त्याचा चेहरा हळूहळू पेपरमागचा चेहरा होत चालला होता. "हिशोब बरोबर आहे," तो स्वतःशीच म्हणाला. "बरोबर आहे."

एमिलीला कळेना काय करावं. तिने ग्लास ओट्यावर ठेवला. ओट्यावर पुडिंगसाठी काढलेला आटवलेल्या दुधाचा पत्र्याचा डबा होता. त्याला सकाळीच तिने दोन भोकं पाडली होती, कारण एका भोकातून दूध येत नाही, दुसरीकडून हवा आत जावी लागते.

ती खिडकीकडे धावली, प्रिस्काला बाजूला ढकललं आणि बाहेर डोकं काढून किंचाळली, "मधू! कॅनचं झाकण घट्ट लावलंस का?"

"एकदम फिट्ट, काकी! धूळ नको जायला!"

"ढिलं कर! हवा जाऊ दे आत!"

आलोशियसने वळून बायकोकडे पाहिलं. त्याचं तोंड उघडंच राहिलं होतं.

वर मधूने झाकण फिरवलं. नळीतून गडगड असा आवाज उतरत आला, अगदी पोटातून यावा तसा. एमिली परत फ्रिजपाशी पळाली आणि ग्लास टेकवला. आधी हवा फुसफुसली, दोनदा पाणी उडालं, आणि मग धार लागली. बारीक, सरळ, न तुटणारी धार.

"आलं!" प्रिस्का ओरडली. "आलं! आलं! दादा, आलं!"

वाडीत टाळ्या पडल्या. फ्लॉसीमावशी खुर्चीतून उठून उभी राहिली. माडाच्या शेंड्यावरून मधू काहीतरी विचारत होता, त्याला कुणी उत्तर देईना. एमिली भरलेला ग्लास घेऊन मागच्या दाराने बाहेर आली आणि तिने तो नवऱ्याच्या हातात दिला. त्याने एक घोट घेतला.

"कोमट आहे," तो म्हणाला.

"अरे, आज जोडलंय, गार व्हायला वेळ लागतो."

"कोमट आहे," तो पुन्हा म्हणाला आणि हसायला लागला. पोट धरून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. एमिलीला वाटलं, हा माणूस मी चर्चच्या सणात पहिल्यांदा पाहिला तेव्हा असाच हसत होता. ती त्याच्या दंडाला धरून उभी राहिली.

तेवढ्यात प्रत्येकाला पाणी हवं झालं. लोक स्वयंपाकघरात शिरले. रांग लागली. प्रिस्का नर्ससारखी प्रत्येकाला सांगत होती, "एकच घोट, पुढे चला, एकच घोट." कुणाचा तरी पाय नळीत अडकला आणि खिडकीपाशीचा जोड निखळला. नळी सापासारखी उसळली आणि पाण्याची चळकांडी सगळ्या रांगेवर, रविवारच्या कपड्यांवर, फ्लॉसीमावशीच्या केसांवर उडाली.

"बघा!" आलोशियस भिजत ओरडला. "बघा, दाब किती आहे तो!"

त्याच वेळी रॉकीचा फोन आला. रविवारी तो हमखास व्हिडिओ कॉल करायचा. एमिलीने ओल्या हाताने फोन उचलला.

"मम्मी, तू भिजलीस कशी? मागे कोण ओरडतंय? आणि माडावर कोण आहे?"

"आपला मधू. फ्रिजला पाणी जोडतोय रे," एमिली म्हणाली आणि पुढचं तिला हसण्यामुळे सांगताच आलं नाही. फोन प्रिस्काकडे दिला, तिलाही नाही. शेवटी कॅनडातल्या घरात रॉकीच हसायला लागला, का ते ठाऊक नसताना.

दुपारी सगळे गेल्यावर, मधू दोनदा पुडिंग खाऊन गेल्यावर, तिघं स्वयंपाकघराच्या ओल्या फरशीवरच बसली होती. एमिलीने नणंदेकडे पाहिलं. मग उठली, तांदळाच्या पिंपात कोपरापर्यंत हात घातला आणि पंप बाहेर काढून नवऱ्यापुढे ठेवला. त्यातून तांदूळ गळत होते.

"रागावू नकोस," ती म्हणाली. "आम्हाला तुळिंजलाच कळलं होतं. सांगितलं नाही."

आलोशियसने पंप उचलला, फुंकर मारली, उलटा करून पाहिला.

"बरोबर हाच," तो म्हणाला. "याच्यापेक्षा मोठा नकोच होता."

"म्हणजे?" एमिलीने विचारलं.

"फ्रिजच्या पुस्तकातच लिहिलंय," तो म्हणाला. "दाब कमी असेल तर पंप बसवा. पहिल्याच रात्री वाचलं मी."

"दादा!" प्रिस्का किंचाळली. "मग ती सावली? तो कॅन? त्या बिचाऱ्या मधूला माडावर चढवलंस!"

"मधूला विचार, पुन्हा चढशील का. आत्ता चढेल." मग तो एमिलीकडे वळला आणि थोडा अडखळला. "तू माडावर ठेव म्हणालीस ना, तेव्हा अशी हसत होतीस... मी म्हटलं, पंप काय, कधीही लावू."

एमिलीने एक मूठ तांदूळ उचलून त्याच्या अंगावर टाकले. त्याने तिच्यावर टाकले. प्रिस्का म्हणाली, "अरे, लग्न लावताय का परत?" आणि तिनेही दोघांवर टाकले.

दुसऱ्या दिवशी आलोशियसने निळ्या-लाल रेघांप्रमाणे नळी नेली, कॉक बसवला, पंप सिंकखाली लावला. ग्लास टेकवला की पंप हलकेच घुं करायचा आणि धार पडायची. पाणीही आता गार यायला लागलं. दिवसभर तिघं इतकं पाणी प्यायली की प्रिस्का म्हणाली, हॉस्पिटलात एवढं पाणी पिणाऱ्याला मी डॉक्टरकडे पाठवलं असतं. बर्फ मात्र पडेना. पुस्तकात लिहिलं होतं, पहिला बर्फ तयार व्हायला एक दिवस लागतो.

संध्याकाळी रोजरीची, जपमाळेच्या प्रार्थनेची वेळ झाली. घरच्या देवाच्या आल्तारासमोर मेणबत्ती लावून तिघं गुडघे टेकून बसली, एमिली आणि प्रिस्का नेहमीप्रमाणे दोन टोकांना, मध्ये आलोशियस. तो शांत आवाजात प्रार्थना पुढे नेत होता, त्या मागून म्हणत होत्या. जपमाळेचा दुसरा भाग अर्ध्यावर आला असेल, आणि स्वयंपाकघरातून आवाज आला.

खडखड खडखड खडाड!

कुणी मान वळवली नाही. आलोशियसचा आवाज एक क्षण थांबला आणि पुन्हा सुरू झाला. एमिलीने डोळे घट्ट मिटले. तिला उजवीकडून नाकातून सोडलेला बारीकसा श्वास ऐकू आला, मग दुसरा. तिने ओठ चावला. आलोशियस पुढे म्हणत होता, पण आता प्रत्येक प्रार्थना आधीपेक्षा वेगाने येत होती. शब्द एकमेकांवर आपटत होते, आणि त्याचेही खांदे हलायला लागले होते.

"आमेन," तो म्हणाला, आणि तिघंही पोरांसारखी स्वयंपाकघराकडे धावली.